४७ दिवस, एक वही आणि २८० रुपयांच्या गोळ्या

विट्याची_वैशाली | रविवार, सकाळी ७:१०

दीड वर्ष लिहू की नको करत होते. काल वाण्याच्या दुकानात एक बाई शेजारणीला सांगत होती, "आमचं बाळ उठल्या उठल्या दचकतं गं, गॅस असणार." माझ्या हातातली साखरेची पिशवी हातातच राहिली. तिला बाजूला घेऊन जे बोलले तेच इथं लिहिते.

माझी चिऊ पाच महिन्यांची होती. दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी झोपेतून उठली की दोन्ही हात एकदम पुढं फेकायची, मान खाली, पाय पोटाशी. एक सेकंदच. सोडायची. पाच-सात सेकंदांनी पुन्हा तेच. असे पंधरा-वीस झाले की रडायची आणि मग गप्प पडून राहायची. सासूबाई म्हणाल्या दचकते, उशीखाली अडकित्ता ठेव. मी डी.एड. झालेली, तरी ठेवला.

सहाव्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी गॅसचे थेंब दिले. पंधराव्या दिवशी तालुक्याला गेलो. तिथं सांगितलं, दात येतायत, कॅल्शियम द्या. चोविसाव्या दिवशी एका खासगी दवाखान्यात डॉक्टरांच्या समोरच अशी एकामागून एक झटक्यांची लड आली. त्यांनी लगेच ओळखलं की ही आकडी आहे, चार दिवस दाखल करून घेतलं आणि फेनोबार्बिटोन सुरू केलं. आम्हाला वाटलं सुटलो. लडी मात्र तशाच. उलट ती दिवसभर झोपायला लागली, त्यामुळं लडी कमी झाल्यासारख्या वाटायच्या. मग एमआरआय. बाळाला गुंगी देऊन करतात. तो नॉर्मल आला, आम्ही पेढे वाटले! रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मेंदू नॉर्मल, असं आमचं गणित.

या सगळ्यात एक गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. चिऊ हसेनाशी झाली होती. चौथ्या महिन्यात बाबाचा आवाज आला की खुदकन हसणारी पोर, आता तोंडाकडे बघायचीच नाही. पंख्याकडे बघत राहायची. तिच्या मावशीनं विचारलं, "हिला दिसतं ना गं?" तेव्हा कुठं पोटात गोळा आला.

एक्केचाळिसाव्या दिवशी मोठ्या शहरातल्या मुलांच्या मेंदूविकार तज्ज्ञांकडे पोचलो. त्यांनी एमआरआयची फिल्म बाजूला ठेवली आणि माझ्या फोनमधला व्हिडिओ तीनदा बघितला. म्हणाले, ईईजी (डोक्याला तारा लावून काढतात तो मेंदूच्या लहरींचा आलेख) कुणी काढला का? कुणीच नव्हता काढला. झोपेतला आणि उठतानाचा, दोन्ही हवा म्हणाले. त्यात हिप्सअ‍ॅरिदमिया, म्हणजे मेंदूच्या लहरींचा गोंधळ, निघाला. आजाराचं नाव इन्फंटाइल स्पाझम्स, म्हणजे वेस्ट सिंड्रोम. इतर तपासण्या होऊन सत्तेचाळिसाव्या दिवशी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. नवव्या दिवशी लडी थांबल्या. दोन आठवड्यांनी ईईजी सुधारलेला होता.

आता वहीबद्दल. आमचे हे सूतगिरणीत आहेत, पै न् पै लिहायची सवय. खासगी दवाखाना ३१,०००. गाडीभाडं ११,५००. एमआरआय ८,२००. रक्ताच्या तपासण्या ६,४००. थेंब, टॉनिक, कॅल्शियम २,३००. देवऋषी आणि नारळ-कोंबडं १,१०० (हो, तेही केलं). ईईजी १,६००. आणि ज्यानं पोर वाचली त्या गोळ्या, कमी कमी करत बंद होईपर्यंतच्या सगळ्या मिळून, २८०. बेरीज ६२,३८०. ह्यांची बिनपगारी रजा १९ दिवस, ती वेगळी. माझं गंठण अजून सोसायटीत गहाण आहे.

ती गोळ्यांची ओळ मी कितीतरी वेळा वाचलीय. २८० रुपये आमच्याकडे पहिल्या दिवशीही होते.

चिऊ आता सव्वादोन वर्षांची आहे. विसाव्या महिन्यात चालली. सात शब्द बोलते, त्यातला एक "नको". पुढं काय ते बघू. कुणाच्या बाळाला असं होत असेल तर विचारा, मला जमेल तेवढं सांगते.

.

कृष्णाकाठची | रविवार, सकाळी ८:०२

वैशालीताई, सकाळी सकाळी रडवलंत. चिऊला पापा.

.

घाटावरचा_गण्या | रविवार, सकाळी ८:३०

एमआरआय आठवड्यात होतो आणि ईईजी कुणी काढत नाही, हे कसं काय? ईईजी तर स्वस्त.

.

विट्याची_वैशाली | रविवार, सकाळी ९:१५

दादा, मलाही तोच प्रश्न पडला होता. एमआरआयचं मशीन आता दर मोठ्या गावात आहे. ईईजीचं मशीनही असतं हो. पण सहा महिन्यांच्या बाळाच्या डोक्याला तारा लावून, त्याला झोपवून, मग उठवून तो नीट काढणारा आणि नंतर तो वाचणारा माणूस नसतो. आमच्या इथं "लहान बाळाचा काढत नाही" असं दोन ठिकाणी तोंडावर सांगितलं.

.

बाळांचा_डॉक्टर | रविवार, दुपारी २:४०

बालरोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी. बाळ न बघता इथं औषध सांगणार नाही, ते आधीच सांगतो.

वैशालीताईंनी लिहिलंय त्यात आमच्या लोकांची चूक आहे, आणि ती चूक मीही केली आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी अशाच एका बाळाला मी पोटदुखीचे थेंब दिले होते. हा आजार साधारण दर १०,००० जन्मांमागे दोन ते चार बाळांना होतो. म्हणजे एखाद्या डॉक्टरला वर्षानुवर्षं एकही दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा तो पोटदुखीचा वेष घेऊन येतो. बहुतेकदा वय तीन ते सात महिने. खरं दचकणं आवाजानं, धक्क्यानं होतं, एकदाच होतं, आणि चार-सहा महिन्यांत जातं. हे झटके मात्र लडीनं येतात, प्रत्येक झटका आधीच्यासारखाच, आणि बहुधा झोपेतून उठताना. जोडीला बाळ हसणं, बघणं, पालथं पडणं विसरू लागलं तर थांबूच नका. व्हिडिओ काढा. दवाखान्यात आल्यावर बाळ शहाण्यासारखं पडून राहतं, आणि आईच्या सांगण्यावरून आम्ही जे चित्र डोळ्यांसमोर आणतो ते बऱ्याचदा चुकीचं असतं.

फेनोबार्बिटोनबद्दल. नेहमीच्या आकडीवर ते चांगलं औषध आहे, या झटक्यांवर चालत नाही. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिनही नाही. इथं चालतात ते एसीटीएच या संप्रेरकाची इंजेक्शनं, मोठ्या मात्रेत प्रेडनिसोलोन आणि व्हिगाबॅट्रिन. "आकडीचं औषध चालू आहे" या समाधानात जे आठवडे जातात, ते मला गॅसच्या थेंबांपेक्षा जास्त टोचतात, कारण तिथं निदान अर्धं झालेलं असतं.

वेळेचं म्हणाल तर ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीतल्या मुलांना चार वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासलं होतं. झटके सुरू झाल्यापासून उपचारापर्यंत किती वेळ गेला याच्या पायऱ्या केल्या: सात दिवसांच्या आत, दुसरा आठवडा, पंधरा दिवस ते महिना, एक ते दोन महिने, त्याहून जास्त. दर पायरीला विकासाच्या मोजणीत जवळजवळ चार गुण कमी होत गेले. चार गुण म्हणजे लगेच आभाळ कोसळत नाही, पण पायऱ्या साठत जातात.

एक दुरुस्तीही करतो. २८० रुपयांच्या गोळ्या ऐकायला छान वाटतं, पण त्या आधी संसर्ग, विशेषतः क्षय नाही ना हे बघावं लागतं. चालू असताना रक्तदाब, साखर तपासावी लागते. आणि सगळ्यांना लागू पडत नाहीत. दिल्लीत ६३ बाळांवर एक चाचणी झाली. किलोमागे ४ मिलिग्रॅम दिलं तेव्हा ५१.६ टक्के बाळांचे झटके थांबले, २ मिलिग्रॅम दिलं तेव्हा २५ टक्के. म्हणजे मात्रा महत्त्वाची आहे, आणि पुरेशा मात्रेतही जवळपास निम्म्यांना पुढचं औषध लागतं. म्हणून दुकानातून घेऊन कुणी सुरू करू नका, आणि सुरू केलेलं एकदम बंद तर मुळीच करू नका.

.

सातारी_काका | रविवार, दुपारी ४:०५

तान्ह्या लेकराला स्टेरॉइड?? आमच्या वेळी वेखंड उगाळून द्यायचे. एवढं विष घालण्यापेक्षा महिनाभर आयुर्वेदिक करून बघायला काय हरकत होती?

.

विट्याची_वैशाली | रविवार, दुपारी ४:२०

काका, महिनाभर हीच हरकत.

भीती मलाही होती. चिऊचं तोंड भाकरीएवढं झालं, रात्ररात्र रडायची, दर तासाला भूक. ह्यांनी एकदा चिडून गोळ्या उकिरड्यावर फेकल्या, मग टॉर्च घेऊन शोधायला गेले. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस पुढं ढकलावी लागली, कारण स्टेरॉइड चालू असताना आणि बंद केल्यावरही काही काळ जिवंत लशी देत नाहीत. पण आठ-दहा आठवड्यांत चेहरा उतरला. हसू मात्र त्या आधीच परत आलं होतं.

.

जुनी_पानं | रविवार, सायंकाळी ६:५०

थोडं अवांतर. हे "वेस्ट" म्हणजे विल्यम जेम्स वेस्ट, इंग्लंडमधले डॉक्टर. त्यांनी १८४१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाला पत्र लिहिलं, ते स्वतःच्या मुलाबद्दल. चार महिन्यांचा असताना त्याची मान पुढं झुकायला लागली. वेस्टनी काय काय केलं ते पत्रात आहे: जळवा लावल्या, डोक्यावर गार पट्ट्या, जुलाबाची औषधं, अफू, आणि दात येत असतील म्हणून हिरड्यांना चीरही दिली! लंडनला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यातल्या एकानं या झुकण्याला 'सलाम' असं नाव दिलं.

म्हणजे दातांवर ढकलायची खोड १८४१ पासूनची आहे, आणि तेव्हा तर बाप स्वतः डॉक्टर होता.

.

घाटावरचा_गण्या | रविवार, सायंकाळी ७:१५

जबरदस्त माहिती. आणि वाईट.

.

एडिसनकर | सोमवार, पहाटे ५:३०

न्यू जर्सीहून. आमच्याकडची वही वेगळी आहे म्हणून लिहितो.

आमच्या मुलाला सहाव्या महिन्यात हेच झालं. ईईजी त्याच दिवशी झाला, त्या बाबतीत इथली तक्रार नाही. डॉक्टर म्हणाले, एसीटीएच द्यायचं ठरलं तर विमा कंपनीची आधी मंजुरी लागेल. का? तर एका कुपीची किंमत ३८,००० डॉलरच्या वर, आणि लागणार एकापेक्षा जास्त. मी आकडा परत विचारला, मला वाटलं शून्य जास्त ऐकलं.

नंतर रात्री जागून वाचलं. औषध १९५०च्या दशकातलं, डुकरांच्या पियुषिका ग्रंथीपासून काढलेलं. २००१ मध्ये क्वेस्टकोर कंपनीनं त्याचे हक्क एक लाख डॉलरला घेतले. तेव्हा कुपी ४० डॉलरच्या आसपास होती. २००७ च्या ऑगस्टमध्ये एका फटक्यात १,६५० डॉलरवरून २३,००० च्या वर नेली. तशाच प्रकारचं कृत्रिम औषध इथं येऊ शकलं असतं, तर त्याचे अमेरिकेतले हक्कही २०१३ मध्ये त्याच कंपनीनं विकत घेऊन ठेवले. फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेनं, ते प्रकरण धरलं, आणि २०१७ मध्ये १० कोटी डॉलर भरून ते मिटलं. किंमत काही खाली आली नाही.

मंजुरीचे कागद फिरत होते तेव्हा तिसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टर बाई वैतागल्या आणि म्हणाल्या, आपण प्रेडनिसोलोननं सुरू करू, वाट बघायला वेळ नाही. त्याचं बिल १२ डॉलर. मुलाचे झटके थांबले. विम्याचं मंजुरीपत्र त्यानंतर आठ दिवसांनी आलं. ते मी फ्रेम करणार होतो, बायकोनं करू दिलं नाही.

भारतात एसीटीएच मिळतं का हो डॉक्टर?

.

बाळांचा_डॉक्टर | सोमवार, सकाळी ८:४५

मिळतं, आणि पूर्ण कोर्स हजारांत होतो, लाखांत नाही. पण ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, रोज टोचायला माणूस लागतो, आणि लहान गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही. व्हिगाबॅट्रिनचंही तसंच, बहुधा मागवावं लागतं. ट्यूबरस स्क्लेरोसिस (मेंदूत, कातडीत गाठी होणारा जनुकीय आजार) असेल तर मात्र व्हिगाबॅट्रिन हेच पहिलं औषध. अंगावर पानाच्या आकाराचे पांढुरके चट्टे असतील तर डॉक्टरांना नक्की दाखवा, "कोड नाही ना" एवढं विचारून गप्प बसू नका. व्हिगाबॅट्रिननं कडेची नजर कायमची कमी होऊ शकते, म्हणून ते गरजेपेक्षा जास्त दिवस चालू ठेवत नाहीत.

.

लीड्सची_लेक | सोमवार, दुपारी १:१०

इंग्लंडमध्ये संशय आला की २४ तासांत तज्ज्ञांशी बोलणं व्हायला हवं, असं मार्गदर्शक सूचनेतच आहे. २०२२ पासून ट्यूबरस स्क्लेरोसिस नसेल तर प्रेडनिसोलोन आणि व्हिगाबॅट्रिन बहुतेक बाळांना एकदमच सुरू करायला सांगतात. मुलांच्या औषधाला पैसे पडत नाहीत. तरी माझ्या भाचीच्या वेळी पहिले दहा दिवस "रिफ्लक्स असेल", म्हणजे दूध वर येत असेल, यातच गेले. फुकट आहे म्हणून ओळखू येतं असं नाही.

.

दत्ता_समाजसेवक | सोमवार, रात्री ९:३०

सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करतो. पैशाचा प्रश्न घेऊन रोज माणसं समोर बसतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं म्हणजे जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा, ग्रामीण रुग्णालय, म्हणजे आरोग्य विभागाची रुग्णालयं, इथं १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलासुद्धा पैसे नाहीत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथं थोडे दर आहेत, पण खासगीच्या मानानं काहीच नाहीत. लोक आधी खासगीत तीस-चाळीस हजार घालवतात आणि हात रिकामे झाले की आमच्याकडे येतात. वैशालीताई, तुमच्या वहीतली ३१,००० ची ओळ बघून मला तेच आठवलं.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि २०२३ च्या निर्णयानं ती सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली केली. पण ही योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. ओपीडीत काढलेला ईईजी, घरी खायच्या गोळ्या, फिजिओथेरपी यात धरू नका. दाखल होतानाच आरोग्यमित्राचं टेबल शोधा. बिल झाल्यावर नव्हे.

धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव आहेत. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर सवलतीत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. बाळ आजारी पडल्यावर दाखल्यासाठी तलाठ्याच्या मागं फिरण्यात चार-पाच दिवस जातात, आणि इथं चार-पाच दिवस म्हणजे काय ते वर डॉक्टरांनी लिहिलंच आहे.

गोव्याच्या लोकांसाठी दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, विचारा.

.

मुक्ता_पुणे | मंगळवार, रात्री १२:५०

हा धागा दोन दिवस वाचतेय. लिहायचं नव्हतं.

माझ्या मुलाला पाचव्या दिवशी उपचार मिळाला. पाचव्या! मी आधीच एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी आलेली आई, मला शंका घ्यायची सवय होती. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला होता. चौथ्या महिन्यात झटके आले, तिसऱ्या दिवशी ईईजी, पाचव्या दिवशी एसीटीएच. ते पुरलं नाही म्हणून व्हिगाबॅट्रिन. झटके थांबले, दोन महिन्यांनी परत आले.

तो आता सहा वर्षांचा आहे. आधाराशिवाय बसत नाही. मला ओळखतो. दही आवडतं.

तुमच्या पायऱ्या आणि गुण बरोबर असतील. पण वाचताना असं वाटतं की ज्याचं मूल चालत नाही त्याच्या आईनं कुठंतरी उशीर केला. मी नाही केला. खर्चाचं म्हणाल तर झटक्यांच्या औषधांचे पैसे मला आठवतही नाहीत. आठवड्याला दोन फिजिओथेरपी, दर वेळी ४००, सहा वर्षं. पायाचे स्प्लिंट दर वर्षी नवे, कारण पाय वाढतो. मी नोकरी सोडली ती वहीत कुठल्या रकान्यात लिहायची?

.

विट्याची_वैशाली | मंगळवार, सकाळी ६:१५

मुक्ताताई, चुकलं. मी माझ्या ४७ दिवसांच्या नादात लिहीत गेले. तुमच्याबद्दल विचार केला नाही.

दही आवडतं वाचून बरं वाटलं. चिऊला ताक.

.

बाळांचा_डॉक्टर | मंगळवार, सकाळी ९:००

मुक्ताताई म्हणतात ते बरोबर आहे, आणि ते मी आधीच लिहायला हवं होतं. मूळ कारण काय, यावर सगळ्यात जास्त ठरतं. आपल्याकडे जन्मावेळी गुदमरणं आणि पहिल्या दिवसांत साखर फार कमी होऊन मेंदूला झालेली इजा, ही मोठी कारणं आहेत. तिथं लवकर उपचारानं झटके थांबतात, आधी झालेली इजा पुसली जात नाही. साखरेचं मात्र टाळता येण्यासारखं असतं, जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजायला सुरुवात करणं आणि कमी वजनाच्या बाळाची साखर बघणं, इतकंच. ज्या बाळात कारणच सापडत नाही आणि आधीची वाढ छान होती, त्याच्या बाबतीत दिवस मोजायला सगळ्यात जास्त अर्थ असतो. चिऊ तशी होती.

.

दत्ता_समाजसेवक | मंगळवार, सकाळी १०:२०

मुक्ताताई, 'निरामय' काढलंय का? राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना. सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, बहुविकलांगता यांच्यासाठी वर्षाला १ लाखापर्यंत. यात ओपीडी आणि थेरपीचेही पैसे मिळतात, मर्यादेत का होईना. अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. व्यनि (खासगी निरोप) करतो.

.

मुक्ता_पुणे | मंगळवार, सकाळी १०:४०

नाही काढलं. सहा वर्षांत कुणी सांगितलं नाही. करा व्यनि.

.

पालघरची_सिस्टर | मंगळवार, रात्री ८:१५

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात आहे. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आमच्या पालघरलाच सुरू झाला, म्हणून जरा अभिमान. आमची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. म्हणजे पाच महिन्यांचं बाळ आमच्या फेरीत सापडेल याची खात्री नाही. पण आशाताई घरी येतात, त्यांना व्हिडिओ दाखवता येतो, आणि त्या आम्हाला पाठवतात. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपी, कान-डोळे तपासणी, बोलण्याचे व्यायाम फुकट होतात. लांब पडतं हे खरं. आमच्याकडे पाड्यावरून दोन जीप बदलून यावं लागतं आणि बाईचा रोज बुडतो. तीन-चार वेळा येतात आणि मग येत नाहीत.

.

नवी_आई_२०२ | बुधवार, रात्री ११:५५

धागा शोधत शोधत इथं आले. माझा मुलगा साडेपाच महिन्यांचा. पाच दिवसांपासून झोपून उठला की मान हलवतो, हात असे उघडतात. आज दोनदा झालं, मी मोजले, बारा आणि सतरा. व्हिडिओ काढलाय. आमच्या डॉक्टरांनी सोमवारी बोलावलंय. सोमवारपर्यंत थांबू का? नवरा म्हणतो, तू नेटवर वाचून घाबरतेस. नांदेडजवळ राहतो.

.

विट्याची_वैशाली | गुरुवार, रात्री १२:०४

थांबू नका. सकाळी निघा.

.

बाळांचा_डॉक्टर | गुरुवार, सकाळी ६:३०

आत्ता वाचलं. सोमवारची वाट बघू नका, आजच मेडिकल कॉलेजच्या बालरोग विभागात जा. व्हिडिओ दाखवून "इन्फंटाइल स्पाझम्स असतील का, झोपेतला ईईजी होईल का?" एवढंच विचारा. आमच्यातल्या कुणाला राग आला तर येऊ द्या. ईईजीसाठी बाळ झोपायला हवं, म्हणून वाटेत गाडीत त्याला जास्त झोपू देऊ नका. डोक्याला तेल लावू नका, तारा चिकटत नाहीत. काही नसेल निघालं तर उत्तमच, एक दिवस गेला एवढंच.

.

दत्ता_समाजसेवक | गुरुवार, सकाळी ७:१०

रेशनकार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला बरोबर घ्या. गेल्यावर समाजसेवा विभागात माझा निरोप सांगा, व्यनित नंबर दिलाय.

.

नवी_आई_२०२ | रविवार, सायंकाळी ५:२०

चार दिवस लिहायला जमलं नाही. दाखल आहोत. ईईजी शुक्रवारी झाला, तेच निघालं. एमआरआय पुढच्या आठवड्यात आहे, पण त्यासाठी थांबले नाहीत, छातीचा फोटो आणि रक्त बघून कालपासून गोळ्या सुरू केल्या. नवरा आता मोबाइल घेऊन बसलाय, प्रत्येक लड वेळेसकट लिहितो. काल एकोणतीस, आज सकाळपासून अठरा.

एक विचारायचं होतं. गोळी कडू आहे, पाण्यात विरघळवून दिली की ओकून काढतो. कशात द्यायची? आई म्हणते मधात दे.

.

विट्याची_वैशाली | रविवार, सायंकाळी ५:३२

मध नको हं, वर्षाच्या आत मध अजिबात द्यायचा नाही. मी चमचाभर काढलेल्या दुधात कालवून, सुई नसलेल्या सिरिंजनं गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायची. एकदम घशाकडं सोडलं की ओकतातच. पोट अगदी रिकामं नको. आणि ओकला तर परत द्यायची की नाही ते स्वतः ठरवू नका, वॉर्डातल्या सिस्टरांना विचारा, किती मिनिटांनी ओकला त्यावर असतं ते.

गोळी दिलेली वेळही त्याच वहीत लिहायला सांगा त्यांना.

.

नवी_आई_२०२ | रविवार, रात्री ९:०५

राहिली पोटात. सिरिंज सिस्टरनं दिली.